एकाच हाताची वाकळ

१

त्या शनिवारी मुरुमच्या आमच्या मुलींच्या शाळेत सगळं जिथल्या तिथं होतं. रांगोळी होती, नारळ होता, पाहुण्यांच्या शाली होत्या, माईकसुद्धा पहिल्या फटक्यात सुरू झाला होता. नव्हती ती फक्त वाकळ. आणि गंमत अशी, की वाकळ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीवर टांगलेली होती.

नीट सांगतो. मी लिंबाजी, या शाळेत मराठी शिकवतो. इंग्रजीशी माझं फारसं पटत नाही. त्या भाषेत दोन शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात. एक निघतो सभ्य, दुसरा गावभर उचापती करत फिरणारा. पण आमच्या वनमालाबाईंचा जीव नेमका असल्याच जोड्यांवर. बाई तुळजापूरच्या, पुजाऱ्यांच्या घरातल्या. सगळी नोकरी त्यांनी मुरुमला इंग्रजी शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावरही इथंच राहिल्या. दरवर्षी दहावीच्या मुली ज्या दोन शब्दांत सगळ्यात जास्त गोंधळायच्या, ते दोन शब्द बाई त्यांच्याकडून आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांवर भरून घ्यायच्या, चित्रासकट. डेझर्टवर उंट, डिझर्टवर गुलाबजाम. लूजवर नाडी सुटलेला पायजमा, लूझवर पैंजण शोधणारी पोरगी. दोन स्टेशनरींपैकी एकीवर बंद पडलेला टेम्पो आणि दुसरीवर वह्या-पेन्सिली. हे सगळे तुकडे जोडून वाकळ झाली होती. ती बघून मुली शब्दांचे अर्थ विसरत नसत. खरं सांगायचं तर मीही विसरत नाही.

आता शाळेत इंग्रजीसाठी नवी खोली झाली होती आणि उद्घाटनाला बाईच पाहुण्या होत्या. फीत कापून झाली, टाळ्या झाल्या. बाई वाकळेजवळ गेल्या आणि त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. उंटावरून टेम्पोवर, टेम्पोवरून पायजम्यावर. मग खालच्या कोपऱ्यापाशी त्या थांबल्या. तिथं काळ्या मुंग्यांची एक बारीक रांग लागली होती.

"ही माझ्या पोरींची वाकळ न्हाई," बाई म्हणाल्या.

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

२

संस्थेचे सचिव कृष्णराज वयानं तरुण आणि डोक्यानं गरम. आधी ते हसले. "बाई, शब्द तेच, चित्रं तीच. मग वाकळ वेगळी कशी?"

"दिसायला तीच हाय. पण ती वाकळ कितीतरी पोरींनी भरली होती. कुणाचा टाका घट्ट, कुणाचा ढिला, एखादीनं तर माझ्यावरच्या रागानं घातलेला. हितं बघा, सगळे टाके एकाच चालीनं चालल्यात. ही सगळी वाकळ एका बाईनं केलीय."

शिवणाची नजर असलेल्या दोन-चार आया पुढं सरसावल्या, त्यांनी कापड बोटांत धरून बघितलं आणि माना डोलावल्या. मग मात्र कृष्णराजांचा चेहरा बदलला. वाकळ एरवी कपाटात कुलूपबंद असायची, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे शाळेतल्या पहिलीच्या मुलीलाही ठाऊक होतं.

"महानंदा!"

महानंदा आमच्या शाळेची शिपाई. दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. नवरा गेल्यापासून याच नोकरीवर तिचं घर चाललेलं, आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

"पुण्याच्या संग्रहालयवाल्या बाई मागच्या महिन्यात वाकळ बघून गेल्या, तेव्हा तू तिथंच होतीस. वस्तू मोलाची हाय हे तुला कळलं. खरी विकलीस आन् खोटी टांगलीस. व्हय का न्हाई?"

"म्या विकली न्हाई," महानंदा म्हणाली.

"मग कुठाय?"

भरल्या सभेत, विद्यार्थिनींसमोर, त्यांच्या आयांसमोर ती ग्लासांचा ट्रे धरून नुसती उभी राहिली.

"सोमवारच्या प्रार्थनेपर्यंत वाकळ आली न्हाई, तर तू कामावरून कमी. आन् पोलिसांत तक्रार."

मी महानंदाला इतकी वर्षं बघतोय. वर्गात मुलीची बांगडी सापडली तरी ती सगळ्या वर्गांत विचारत फिरते. मला राग आला. बोलल्या त्या बाई.

"कृष्णराज, ही खोटी वाकळ मला घरी नेऊ द्या."

"न्या की. तिचं काय करायचं आता!"

जाता जाता बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "लिंबाजी सर, चहाला या. येताना बारीक कात्री आणा."

३

बाईंच्या ओसरीवर वाकळ पसरली होती. मुंग्यांचा कोपरा बाईंनी वर घेतला होता.

"तुमच्या घरी वाकळ पुरी करताना काय करतात?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. आमच्याकडं शेवटचा कोपरा शिवण्याआधी आई आत भाकरीचा कुटका घालते. ज्या घरची वाकळ उपाशी, त्या घरात माणूस उपाशी, असं ती मानते. आमच्या भागात बहुतेक घरी ही रीत आहे. फक्त घास ज्याच्या त्याच्या घरचा.

"माझी आई ज्वारीचे दाणे घालायची. पोरींच्या वाकळेतही मी तेच घातले होते. आता उसवा."

मी टाके उसवले. आतून बोटाच्या पेराएवढा तपकिरी तुकडा निघाला. नाकाशी नेला तर गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"शेंगाची पोळी," मी म्हणालो.

"व्हय. अजून नरम हाय, म्हणजे वाकळ आत्ता आत्ता पुरी झालीय. मला एका गोष्टीचं नवल वाटतं सर. जिनं ही केली, ती फसवायला बसली होती. कपाटात ठेवायची खोटी वस्तू! तिला कशाला घास पायजे? पण त्या बाईच्यानं वाकळ उपाशी ठेववली न्हाई. चोर इतका सोवळा असतो का?"

"पैशासाठी करणारी बाई एवढं जपणार नाही, असंच ना?"

"मला अजून काई म्हणायचं न्हाई. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की मी आधी विचारते, ही काय काम करते आन् ती काय काम करते. शब्दांचं तसंच, माणसांचं तसंच. चला, माणसं बघू."

पहिल्यांदा गेलो कृष्णराजांकडे. त्यांनी चहा मागवला, पण खुर्चीत नीट बसेनात. बाईंनी पुण्याचा विषय काढला तसे ते कबूल झाले. वाकळ कायमची पुण्याला द्यायचं त्यांनी तोंडी ठरवलं होतं, शाळेचं नाव होईल म्हणून.

"मला न विचारता?" बाई म्हणाल्या.

"संस्थेची मालमत्ता हाय बाई. अहो, इरम्माबाईंनी दिवाळीनंतर मागितली होती, थोडे महिने घरी नेते म्हणून. त्यांनाबी मी न्हाई म्हणालो. नियम म्हणजे नियम."

इरम्माबाई आमच्या शिवणाच्या शिक्षिका. मुलगी बाळंतपणाला आलीय म्हणून बरेच दिवस रजेवर होत्या.

"तुमच्याकडं वाकळेत काय घालतात?" बाईंनी सहज विचारलं.

कृष्णराज गोंधळले. "आजी ज्वारी घालायची वाटतं. आता कोण शिवतंय? आमच्याकडं सगळी ब्लँकेटं."

नंतर अर्पिता. बाईंच्या जागी आलेली नवी शिक्षिका, लातूरची. वाकळ जुनाट आहे, मुलींना मोबाइलवर शिकवावं, असं ती स्टाफरूममध्ये दहादा म्हणालेली. तिला सुईत दोरा ओवता येत नाही हे तिनं स्वतःच हसत सांगितलं. मग मात्र तिचा आवाज खाली आला.

"बाई, मी बोलले होते, पण मी त्याच वाकळेवरून शिकवत होते. ॲक्सेप्ट आणि एक्सेप्ट माझ्या मुलींना तुमच्याच चित्रानं कळलं. दिवाळीनंतर मी वाकळ परत मागितली. महानंदामावशी म्हणाल्या, कपाटाचं कुलूप गंजलंय. पुढच्या आठवड्यात मागितली, तर म्हणाल्या किल्ली सापडंना. पुण्याच्या बाई तर फोटोच बघून गेल्या, माझ्या फोनमधले."

"मग कृष्णराज म्हणाले, त्या वाकळ बघून गेल्या?" बाईंनी विचारलं.

"ते तेव्हा उमरग्याला गेले होते. त्यांना वाटलं, प्रत्यक्ष दाखवली."

बाहेर आल्यावर मी हिशेब जुळवला. याचा अर्थ दिवाळीपासून कपाट रिकामं होतं, आणि ते महानंदाला माहीत होतं.

४

महानंदाचं घर बाजाराच्या मागं, दोन खणांचं. आम्हाला बघून तिनं घाईनं खाटेवरची वाकळ सारखी केली आणि बाईंना बसवलं. भिंतीवर तिच्या मुलीचा, शिवप्रियाचा, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतला फोटो होता. शिवप्रिया सोलापूरला दवाखान्यात नोकरी करते.

"महानंदा, मी तुला चोर म्हणायला आले न्हाई," बाई म्हणाल्या.

"ठावं हाय बाई."

"दिवाळीपासून कपाटात वाकळ नव्हती."

ती बाईंसाठी पाणी भरू लागली.

"तूच काढून दिलीस."

"म्या विकली न्हाई. एवढंच सांगते. बाकी मला इचारू नका. नोकरी गेली तर जाऊ द्या."

"पोलीस येतील गं," मी म्हणालो.

"येऊ द्या, सर."

बाईंनी विषय बदलला. खाटेवर टेकलेल्या होत्या तिथल्या तिथं हात फिरवत म्हणाल्या, "छान शिवलीस ही. तुमच्यात वाकळेच्या पोटात काय घालतात?"

महानंदा एकदम दचकली. इतका वेळ जी बाई नोकरी आणि पोलीस ऐकूनही हलली नव्हती, तिच्या कपाळावर या साध्या प्रश्नानं घाम आला.

"काय बी न्हाई. आमच्यात काय बी घालत न्हाईत."

बाईंनी मान डोलावली, पाणी प्यायल्या आणि उठल्या. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर थांबल्या.

"ती खोटं बोलली सर. खाटेवरच्या वाकळेच्या कोपऱ्यात भाकरीचा टणक कुटका माझ्या बोटांना लागला. एवढ्या मोठ्या आरोपावर खोटं बोलली न्हाई, गप्प बसली. आन् एवढ्याशा गोष्टीवर खोटं बोलली. का?"

"कारण कोपऱ्यात काय आहे ते तिला ठाऊक आहे."

"आन् त्यावरनं शिवणारीचं घर सापडंल, हेबी ठाऊक हाय. ती स्वतःला वाचवत न्हाई. त्या बाईला वाचवतीय."

बाई पुन्हा चालू लागल्या. मग म्हणाल्या, "एका वर्षी पोरींनी कन्सील आन् कन्सोल भरलं होतं. एक लपवणं, एक धीर देणं. परीक्षेत निम्म्या वर्गानं उलटंपालटं लिहिलं. आज कृष्णराज तीच चूक करतोय. अपराधी माणूस गप्प बसतो, तसा उपकार जाणणारा माणूसबी गप्प बसतो. लांबनं दोघं सारखेच दिसतात."

"पण ती दुसरी बाई कोण?"

"ते तुम्हीच सांगणार हाय, सर. उद्या सकाळी. तुमचं पोट लई चांगली साक्ष देतं."

५

रविवारी सकाळी बाई माझ्या दारात हजर. आल्या आल्या विचारलं, "यंदा येळवशीला कुठं जेवलात?"

माझ्या दुखऱ्या जागेवरच बोट. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पूजा करायची, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, खीर. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो. रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालतात. येळवशीला माणसं न बोलावणारं घर आमच्या भागात सापडायचं नाही.

"घरीच जेवलो," मी कुरकुरलो. "दरवर्षी अख्खी शाळा इरम्माबाईंच्या रानात असते. यंदा त्यांनी आवतणच दिलं नाही. मुलीचं बाळंतपण म्हणून असेल. त्यांच्या हातची ती..."

आणि मी थांबलो.

"ती काय?" बाईंनी विचारलं.

"शेंगाची पोळी," मी म्हणालो.

इरम्माबाईंचं माहेर कर्नाटकातलं, हद्दीपलीकडचं. येळवशीला आम्ही आंबील पितो आणि त्या शेंगाची पोळी वाढतात, तुपात भिजवून. इतक्या वर्षांत ती चव मी कशी विसरलो, याची मला लाज वाटली.

बाई आता भराभर बोलू लागल्या. "जुन्या वाकळेच्या कापडाला जुळणारे तुकडे आणायचे कुठनं? त्याच लुगड्यांच्या उरलेल्या चिंध्यांचं बोचकं शिवणाच्या खोलीत हाय, ते इरम्माच्या ताब्यात. एका हातानं एवढं भरणारी बाई मुरुमात ती एकच. कृष्णराजाकडं वाकळ मागितली तिनंच. आन् बाळंतपण म्हणाल, तर दिवाळीपासनं एवढे दिवस झाले, कुणाला पेढा आला? बारशाचं बोलावणं आलं?"

"नाही."

"येळवशीला माणूस टाळलं, म्हणजे रानातल्या घरात माणसांना दिसू नये असं काईतरी हाय. ते काय, तेवढं मला कळंना. मला भ्या वाटतंय सर."

बाईंना भ्यायलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी मोटरसायकल काढली.

६

इरम्माबाईंचं शेत गावाबाहेर, आळंदच्या रस्त्याला. ज्वारी कणसाला आली होती, तुरीच्या शेंगा वाळत होत्या. येळवशीची कोप बांधावर अजून उभी होती. तिच्या पलीकडं पत्र्याचं घर. आम्ही उतरताच इरम्माबाईंचे यजमान शिवप्पा धावतच आले आणि वाटेत आडवे उभे राहिले.

"बाई, पाया पडतो. आज आत जाऊ नका."

"शिवप्पा, कोण हाय आत?"

उत्तर घरातून आलं. कोणीतरी बाईचा आवाज, एकेक शब्द ओढून काढावा तसा: "पाऊस... न्हाई, पाखरू... न्हाई..." आणि मग रडणं.

बाई शिवप्पांना वळसा घालून आत गेल्या. मी मागोमाग.

खाटेवर अक्षरा होती. इरम्माबाईंची मुलगी, ईट गावात दिलेली, बाईंची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. शाळेत असताना दोन शब्दांतला फरक बाईंच्या आधी सांगून मोकळी व्हायची. तिच्या अंगावर ती वाकळ होती, खरी, अनेक हातांची. बाईंना बघताच तिनं ती डोक्यावरून ओढून घेतली.

इरम्माबाई चुलीपासून उठल्या. तोंडून माहेरचं कानडी निघालं. "यव्वा... बाई..."

मग सगळं कळलं. नवरात्रानंतर अक्षराच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. हातपाय परतले, पण शब्द मिसळून गेले. पाणी म्हणायचं तर पाटी म्हणते, दार म्हणायचं तर दोर. मराठीचं हे, तर इंग्रजीचं काय सांगावं. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या वस्तू हातात द्या, रोज बोलतं करा, शब्द हळूहळू येतील. अक्षरानं बोटानं हवेत चौकोन काढून, सुई टोचल्याची खूण करून जे मागितलं, ती ही वाकळ. जावई चांगला आहे, दर आठवड्याला येऊन तिच्याशी बोलत बसतो.

"सचिवांना मागितली, ते न्हाई म्हणाले. आजार सांगितला असता तर दिली असती. पन ही सांगू देईना," इरम्माबाई म्हणाल्या. "सगळ्या गावाला कळलेलं चाललं असतं, पन बाईंना कळू द्यायचं न्हाई म्हणून हट्ट. शब्द येत नव्हते तर माझे हात धरून रडायची. मग म्या महानंदाच्या घरी गेले. तिनं इचारलंसुदिक न्हाई, कपाट उघडून दिली. म्हणाली, अक्षरानं माझ्या शिवप्रियाला रोज संध्याकाळी ओट्यावर बसून इंग्रजी शिकवलं, एक पैसा घेतला न्हाई. तवा माझी पोरगी नर्स झाली. हे मी फेडायचं कवा? कपाट रिकामं राहू नये म्हणून म्या दुसरी वाकळ केली. येळवशीला पुरी झाली."

"उपाशी ठेवली न्हाईस तिला," बाई म्हणाल्या.

"कशी ठेवू बाई? वाकळ हाय ती."

"इरम्मा, काल सभेत महानंदावर चोरीचा आळ आलाय. उद्या तिची नोकरी जातीय. ती कुणाचंच नाव घेईना."

इरम्माबाई खालीच बसल्या. अक्षराला फोनच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून त्यांनी फोन बंद ठेवला होता. त्यांना काहीच कळलं नव्हतं. "आत्ता येते. आत्ताच्या आत्ता येऊन सांगते सचिवांना," त्या म्हणू लागल्या. तेवढ्यात वाकळेखालून एक हात बाहेर आला आणि त्यानं आईचा पदर धरला.

अक्षरानं तोंड उघडं केलं. डोळे लाल. बाईंकडं बघून ती म्हणाली, "बाई... माझं... सांडलं. तुमचं... सगळं."

बाई खाटेवर तिच्याजवळ बसल्या. इतकी वर्षं त्यांच्या वर्गाबाहेरून जाताना मी त्यांचा एकच कडक आवाज ऐकला होता. हा आवाज वेगळा होता.

"सांडलं न्हाई, बाळा. मिसळलं. तांदळात गहू मिसळला तर आपण फेकतो का? सूप घेतो आन् निवडत बसतो. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? सारखं दिसणारं निवडत बसले. आता दोघी मिळून निवडू."

त्यांनी वाकळेचा एक तुकडा तिच्या हातात दिला. पायजम्याचा. अक्षराची बोटं सैल नाडीवरून फिरली. कितीतरी वेळ. आणि मग तिला हसू फुटलं, खरंखुरं.

"लूज," ती म्हणाली. शेजारच्या पैंजणवालीवर बोट ठेवून, "लूझ."

शिवप्पा दारात उभे होते ते बाहेर निघून गेले. माझंही नाक चोंदलं. इतक्या बायकांनी एकीसाठी न बोलता एवढं केलं, आणि मी त्यांच्याच शाळेत असून भज्जी मिळाली नाही म्हणून कुरकुरत होतो. तरी मनात आलं, बरं झालं देवा, ह्या माणसांत मला ठेवलंस.

"आता महानंदाचं काय करायचं?" बाईंनी विचारलं. "मी कृष्णराजाला एकट्याला गाठून सांगू शकते. तुझं नाव बाहेर येणार न्हाई. किंवा..."

अक्षरानं मान हलवली. शब्द शोधायला तिला फार वेळ लागला. आम्ही कोणीही तो तिच्या तोंडात घातला नाही.

"मी... येते," ती म्हणाली.

७

संध्याकाळी कृष्णराजांना बाईंनी सगळं सांगितलं. गरम डोक्याचा माणूस खरा, पण वाईट नव्हे. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. आमच्यासोबतच ते महानंदाच्या घरी आले आणि दारातच हात जोडले.

"चुकलं माझं, मावशी. उद्यापासून नेहमीसारखं कामावर या. झालं गेलं विसरून जा."

महानंदानं बाईंकडं बघितलं. गुपित फुटलं, पण आपल्या तोंडून नाही, हे तिला बाईंच्या डोळ्यांत दिसलं असावं. मग ती कृष्णराजांकडं वळली.

"सायब, तुमी मला घरात येऊन चोर म्हणाला न्हाईत. समद्या पोरींसमोर म्हणालात. माफीबी तिथंच मागा. न्हाईतर मला नोकरी नगं."

मला वाटलं, आता बिघडतं. पण कृष्णराज म्हणाले, "बरोबर हाय तुमचं."

सोमवारी प्रार्थना संपली. मुली रांगेत बसल्या होत्या. कृष्णराज माईकपाशी गेले, कागद न घेता बोलले. शनिवारी आपण एका प्रामाणिक बाईला सगळ्यांसमोर चोर म्हणालो, ते खोटं होतं, आपण न विचारता बोललो आणि सगळ्यांसमोर माफी मागतो. वाकळ कुठं आहे आणि तिथंच का राहणार, हेही त्यांनी सांगितलं. बाजूला इरम्माबाई उभ्या होत्या, मान वर करून. मुलींच्या मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या.

अक्षरा आईचा हात सोडून पुढं आली. माईक तिनं घेतला नाही. महानंदासमोर जाऊन उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. सगळं पटांगण तिच्यासोबत थांबलं होतं. पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीनं शब्द सुचवायला तोंड उघडलं, तिला शेजारणीनं चिमटा काढला.

"मावशी," अक्षरा म्हणाली. "तुमी... गप्प बसलात. माझ्यासाठी. थँक्यू."

एकही शब्द चुकला नव्हता. तिलाही ते कळलं आणि विश्वास बसेना. तिनं वळून वनमालाबाईंकडं बघितलं, परीक्षेचा पेपर तपासून घेणाऱ्या पोरीसारखं.

"बरोबर... का?"

बाईंना बोलता येईना. इंग्रजी, मराठी, काहीच सुचेना. तेव्हा महानंदानं अक्षराचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बाईंच्या वतीनं उत्तर दिलं.

"लई बरोबर, माझे माय. लई बरोबर."